मामांच्या डोक्यातले सहा डाग

"जावईबापू, हे तुमच्या धंद्यातलं आहे. बघून सांगा, हे पांढरं काय आहे?"

मामांनी स्टुडिओच्या काउंटरवर ती भली मोठी काळी फिल्म पसरली, तेव्हा माझ्यासमोर स्टुलावर एक लग्नाळू मुलगा हनुवटी वर करून बसला होता. सोमवारची सकाळ, पहिलंच गिऱ्हाईक.

"मामा, पाच मिनिटं बसा. ह्यांचा फोटो होऊ दे."

"त्यांचा होईल हो. माझं काही सांगता येत नाही."

मुलाने मान वाकडी करून फिल्मकडे बघितलं. चार ओळींत वीस चौकटी आणि प्रत्येक चौकटीत कांद्यासारखं आडवं चिरलेलं एक डोकं. "मी संध्याकाळी येतो," असं म्हणून तो उठला आणि गेला तो गेलाच. लग्नासाठीचा फोटो त्याने दुसरीकडे काढला, हे मला नंतर कळलं.

मामा म्हणजे माझे सासरे, भगवंतराव. बार्शीच्या स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होते. कुठली गाडी किती वाजता आली, कुठल्या फलाटाला लागली, किती उशिरा सुटली, हे लिहिण्यात हयात गेलेली. रिटायर झाले तरी हात थांबेना. खिशात कायम एक छोटी डायरी. दूधवाला ६.१०. पेपर ६.३५, पाच मिनिटं लेट. माझ्या लग्नात मंगलाष्टकं किती मिनिटं लांबली ह्याचीसुद्धा त्यांच्याकडे नोंद आहे.

सासूबाई गेल्यापासून ते दोन गल्ल्या सोडून एकटे राहायचे. त्या आठवड्यात मात्र आमच्याकडे मुक्कामाला होते, कारण मंडईत वांगी निवडताना त्यांना चक्कर आली होती. वाकून टोपलीतली वांगी बघितली, भाव विचारायला मान वर केली आणि थेट टोपलीत बसले. भाजीवालीने आधी वांग्यांची चौकशी केली, मग मामांची. चक्कर आली त्यापेक्षा त्यांना ह्याचा राग जास्त होता.

आमच्या गावातल्या डॉक्टरांनी त्यांना सोलापूरला पाठवून डोक्याचा सीटी स्कॅन करून घेतला. रविवारी एक ओळखीचा कंडक्टर फिल्म आणि रिपोर्ट घेऊन आला. मेंदूचे मोठे डॉक्टर हिरेमठ सोलापूरहून आमच्याकडे फक्त गुरुवारी यायचे. म्हणजे मध्ये चार दिवस. पाकीट डॉक्टरांनीच उघडावं असं वर ठळक लिहिलं होतं. पण एकतीस वर्षं ज्या माणसाच्या हाताखालून पार्सलं गेली, तो बंद पाकीट घरात चार दिवस ठेवून झोपेल होय?

मी फिल्म रिटचिंगच्या टेबलावर नेली. हे टेबल आता कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. कॉम्प्युटर यायच्या आधी फोटोतला डाग हाताने काढावा लागायचा. उतरती काच, खाली बल्ब, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग. मग मोजून सात-आठ केसांचा ब्रश करड्या रंगात बुडवायचा आणि पांढऱ्या टिपक्यात रंग भरायचा. ब्रशला टोक यावं म्हणून तो दर वेळी जिभेवरून फिरवायचा. त्यामुळे काम केलं की माझी जीभ काळी. बायको म्हणायची, तोंड उघडून हसू नका, गिऱ्हाइकाची पोरं रडतात.

पण तालुक्यात माझ्यासारखा डाग काढणारा नव्हता. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. मुलीच्या दाखवायच्या फोटोतले देवीचे व्रण, मस, भाजल्याच्या खुणा मी अशा घालवायचो की मुलगी बघायला आलेली मंडळी घर चुकलं समजून परत जायची.

"हे बघा," मामांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं. "चौकट अकरा, मधोमध एक. चौकट बारा, तिथंच एक. चौकट तेरा, डावीकडे एक, उजवीकडे एक. चौकट चौदा, तसंच. एकूण सहा."

मी भिंग लावलं. खरंच होते. मोहरीएवढे, पण पांढरेशुभ्र.

"धूळ आहे," मी म्हणालो. आणि हे मी काही खोटं बोललो नाही. आमच्या धंद्यात निगेटिव्हवर पांढरा टिपका दिसला की पहिला संशय धुळीवर.

"माझ्या डोक्यात?"

"फिल्मवर हो, मामा."

"धूळ दोन्ही बाजूंना समोरासमोर बसते? डावीकडे एक, उजवीकडे एक? अशी शिस्तीत?"

शिस्तीच्या बाबतीत कंट्रोलरशी वाद घालू नये.

त्या दिवशी संध्याकाळी रिपोर्टाचं वाचन झालं. रिपोर्ट इंग्रजीत, एक पान. शेजारच्या उंबर्जे सरांना बोलावलं, कारण ते कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि न बोलावता आले असतेच. येताना जाडजूड डिक्शनरी घेऊन आले. शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, चहा ठेवला. मामा डायरी उघडून बसले.

"कॅल्सिफिकेशन," सरांनी बोट फिरवलं. "चुनखडीत रूपांतर होणे."

"कशाचं?" मामांनी विचारलं.

"मेंदूचं म्हणायला हवं. आत दुसरं आहे काय?"

मामांनी लिहून घेतलं. शैला चहाची कपबशी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"त्याच्या आधी एक शब्द आहे ना, सर," मी म्हणालो. "तो काय आहे?"

"फिजिऑलॉजिकल. ते नुसतं विशेषण आहे. विशेषण काढलं तरी वाक्याला काही होत नाही." आणि सरांनी ते काढलं. "पुढे, अट्रॉफी. झीज. वयोमानानुसार झीज झाली आहे. व्हेंट्रिकल्स नॉर्मल. म्हणजे पोकळ्या."

"मेंदूत पोकळ्या आहेत?"

"नॉर्मल आहेत असं म्हणतोय तो."

"पोकळी नॉर्मल कशी असेल, सर? पोकळी ती पोकळीच."

"तेही खरंच," सर म्हणाले. "आणि शेवटी, मध्यरेषा सरकलेली नाही."

"अजून," मामा म्हणाले आणि ते कंसात लिहिलं.

चुना, झीज, पोकळ्या. मामांनी तिन्हींखाली रेघ मारली, डायरी मिटली आणि रात्रीच्या जेवणाला नको म्हणाले. ज्याच्या डोक्याचा चुना होतोय त्याने भाकरी खाऊन ती वाया कशाला घालवायची, असं त्यांचं म्हणणं. शैलाने विनवण्या केल्या, रागावली, भरलं वांगं केलंय म्हणाली. वांग्याचं नाव काढल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

आता माझी पंचाईत ऐका. घरात वडीलधारा पाहुणा, त्यातून सासरा, तो उपाशी असताना जावयाने पाटावर बसायचं नाही. ही माझ्या आईने लावलेली सवय. ती मोडली असती एखाद वेळ, पण शैलाने भाकरीची टोपली अशी काही झाकून ठेवली की मला विचारायची हिंमत झाली नाही. सोमवारची रात्र गेली. मंगळवारी सकाळीही मामांनी नुसता चहा घेतला. मीही नुसता चहा घेतला. मला भूक लागली की डोकं फिरतं, हे माझ्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

दहा वाजता मी गुपचूप स्टँडजवळच्या हॉटेलात शिरलो, कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि मिसळ मागवली. मिसळ आली. पहिला घास उचलला तोच समोर उंबर्जे सर.

"काय मग, भगवंतरावांच्या पोकळ्या कशा आहेत?"

शेजारची चार माणसं वळून बघायला लागली. एकाने विचारलं, कुठल्या पोकळ्या? सर सविस्तर सांगायला लागले. घास तसाच ताटलीत ठेवून मी उठलो. माझी मिसळ सरांनी संपवली असणार, कारण मी बाहेर पडताना ते माझ्या खुर्चीवर बसत होते.

स्टुडिओ उघडतोय तोवर मामा हजर. इस्त्रीचा कोट, केसांना तेल, हातात फिल्मचं पाकीट.

"घड्याळ दूधवाल्याला दिलं," ते म्हणाले.

"कुठलं घड्याळ?"

"माझ्या घरच्या भिंतीवरचं. ह्या गावात तो एकटा वेळेवर येतो. रेडिओ उंबर्जे सरांना. आता एक काम राहिलंय. माझा फोटो काढा."

"कसला फोटो?"

"हाराचा."

मी कॅमेऱ्यावरचं कापड काढतच होतो, ते परत टाकलं. "मामा, मी हा असला फोटो काढणार नाही."

"मग मी समोरच्या दुकानात जातो."

"जा की. त्याला डाग काढता येत नाहीत."

"म्हणून तर तुमच्याकडे आलोय. हा नाकाजवळचा तीळ काढायचा. जाताना माणसाने स्वच्छ जावं." ते पडद्यापुढच्या खुर्चीत बसले, गळ्याचं बटण लावलं आणि माझ्याकडे बघत राहिले. तोंड सुकलेलं, गालफडं एका रात्रीत आत गेलेली. मला एकदम भरून आलं आणि भरून आलं की मी ओरडतो.

"मी सांगतोय ना, नाही काढणार. आधी घरी जाऊन जेवा. माणूस चुन्याने मरत नसेल, पण उपाशी राहून नक्की मरतो."

"ओरडू नका, हा माझा शेवटचा..." असं म्हणत मामा उठले, गरकन फिरले आणि आधाराला त्यांनी मागचा पडदा धरला. त्या पडद्यावर तळं होतं, तळ्यात दोन राजहंस, मागे बर्फाचे डोंगर. सगळं दांड्यासकट खाली आलं. डोंगरांखालून मामांचा आवाज आला, "अकरा वाजून वीस मिनिटं. लिहा."

शैलाला बोलावलं. दोघांनी त्यांना रिक्षातून घरी नेलं, कॉटवर निजवलं. लागलं कुठेच नव्हतं. शैला पाणी घेऊन आली, ते प्याले आणि डोळे मिटून म्हणाले, "बाळ, सहा आहेत गं. एखाददुसरा असता तर मी मनाला लावून घेतलं नसतं."

ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून रडली. मी मागे गेलो. मला बघून तिचं रडणं थांबलं आणि राग आला.

"दुनियेच्या पोरींचे व्रण घालवता. माझ्या बापाचे सहा टिपके घालवता येत नाहीत तुम्हाला?"

ती रागात बोलली होती, हे मलाही कळत होतं. पण पोटात कालपासून अन्न नसलेल्या माणसाला ते अगदी बरोबर वाटलं. मी कॉटशेजारचं पाकीट उचललं आणि निघालो.

दुपारी एक ते चार दुकान बंद असायचं. आतून कडी लावली, बल्ब पेटवला, फिल्म काचेवर ठेवली. मनात म्हणालो, धूळच आहे ही. सोलापूरच्या कुणा आळशाने फिल्म नीट हाताळली नाही आणि इकडे माझा सासरा हाराचा फोटो मागतोय. मला खरंच तसं वाटत होतं, की तसं वाटायला हवं होतं, हे आता मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. रंग कालवला. ब्रश जिभेवर फिरवला.

डाग भरायचा म्हणजे शेजाऱ्याचं बघून चालायचं. आजूबाजूला जेवढा करडा, तेवढाच आत. जरा गडद झाला की चिकटवल्यासारखा दिसतो. आणि मेंदूचा करडा एकसारखा नसतो, मुलींचे गाल परवडले. अकरावी चौकट तासभर चालली. श्वास रोखून एकेक ठिपका. बाराव्या चौकटीला हात बसला. तेराव्या-चौदाव्यातल्या जोड्या मी अशा बुजवल्या की भिंग लावून मलाच सापडेनात. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी त्या दुपारी केलं आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती.

चार वाजून गेल्यावर घरी आलो. मामा कॉटवर बसून खिडकीबाहेर बघत होते.

"मामा, धूळच होती," मी म्हणालो. "फिल्म धुतली. बघा आता."

त्यांनी फिल्म घेतली. खिडकीपाशी गेले, प्रकाशाला धरली, मी दिलेलं भिंग लावलं. पहिल्या चौकटीपासून सुरुवात केली. अकराव्याला थांबले. बाराव्याला थांबले. तेरा, चौदा. मग परत अकरावर आले. शैला दारात पदराचं टोक धरून उभी.

मामा माझ्याकडे वळले. "काय म्हणालात?"

"धूळ होती."

"परत सांगा बघू."

"धूळ होती, मामा. साधी धूळ."

ते माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिले. मग मनगटावरच्या घड्याळात बघितलं, डायरी काढली, काहीतरी लिहिलं आणि खिशात ठेवली.

"शैला, पानं वाढ," ते म्हणाले. "दोघांची."

मामांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. भरलं वांगं मागून घेतलं. मी पाच भाकऱ्या खाल्ल्या आणि सहावी मागितली तेव्हा शैला हसली. ती हसली म्हणून मला एवढा आनंद झाला की मी ठसका लागेपर्यंत खाल्लं. मोठी बाजी मारली होती मी. एकतीस वर्षं ज्याला कुणी कंडक्टर फसवू शकला नाही, त्याला मी सात केसांच्या ब्रशने फसवलं होतं.

गुरुवार उजाडला. डॉक्टर हिरेमठ धिप्पाड माणूस, आवाज बारीक. त्यांनी रिपोर्ट वाचला, भिंतीवरच्या उजेडाच्या डब्यावर फिल्म लावली, बघितली. परत रिपोर्ट वाचला. परत फिल्म. खुर्चीतून उठून डब्याला नाक लावलं. शैलाने माझा हात धरला.

"तुमचं वय किती म्हणालात?" डॉक्टरांनी मामांना विचारलं.

"त्र्याहत्तर."

"ह्या रिपोर्टमध्ये दोन-तीन गोष्टी लिहिल्यात, त्या फिल्ममध्ये दिसतच नाहीत. ह्या वयात त्या असायलाच हव्यात. हे डोकं पंधरा वर्षांच्या पोराचं वाटतंय मला."

"पंधरा?" मामा खुर्चीत ताठ झाले.

"खूश होऊ नका, काका. ह्याचा अर्थ फिल्म तुमची नाही. कुणातरी दुसऱ्याची तुमच्या नावावर आलीय." डॉक्टरांनी फोन जवळ ओढला. "असली चूक म्हणजे कहर झाला. उद्या एखाद्याची गाठ दुसऱ्याच्या नावावर जाईल. त्या मशीनवरच्या माणसाला आजच्या आज घरी बसवायला सांगतो."

ते नंबर फिरवायला लागले. मी माझ्या चपलांकडे बघत होतो. कुणीतरी एक माणूस सोलापुरात सकाळी डबा घेऊन कामावर आला असेल, त्याचा ह्यात काही संबंध नाही, आणि मी इथे तोंड शिवून बसलोय. पण तोंड उघडलं तर मामांची भूक परत जाणार. दोन्हीकडून मी कापला जात होतो.

"जावईबापू," मामा चष्म्यावरून म्हणाले, "तुम्हाला काही बोलायचंय का?"

"डॉक्टर, फोन ठेवा," मी म्हणालो. "फिल्म ह्यांचीच आहे. डाग मी काढले."

डॉक्टरांनी फोन ठेवला. "काय काढले?"

"डाग. पांढरे. सहा होते. माझा फोटो स्टुडिओ आहे."

डॉक्टर डब्याकडे गेले, भिंग घेतलं, वाकले.

"कशाने?"

"ब्रशने. पाण्यात कालवायचा रंग आहे, लगेच जातो. दहा मिनिटं द्या."

"कळतच नाही हो," डॉक्टर स्वतःशी म्हणाले. मग त्यांना भान आलं. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? ह्या फिल्मवर मी औषध देणार होतो."

"कळतंय," मी म्हणालो. "पण हे जेवत नव्हते."

मी डॉक्टरांच्या बेसिनमध्ये नळ बारीक सोडला, ओला कापूस फिल्मवर हलक्या हाताने फिरवला. मामा उठून माझ्या शेजारी आले, डायरी उघडली आणि चष्मा सारखा केला.

"अकरा, मधोमध," ते म्हणाले. "आली. बारा, मधोमध. जरा घासा. आली. तेरा डावी, आली. तेरा उजवी, आली."

सहाच्या सहा गाड्या लागल्यावर त्यांनी पेनाने टिक केली. फिल्म पुसून परत डब्यावर लावली. मामांनी डॉक्टरांकडे बघितलं. "म्हणजे धूळ नव्हती तर," ते म्हणाले. "किती दिवस आहेत माझे?"

"कसले दिवस? बसा." डॉक्टरांनी पेन्सिल घेतली. "हा मधला ठिपका. इथे वाटाण्याहून लहान एक ग्रंथी असते. वय झालं की तिच्यात कॅल्शियम साचतं. हे बाजूचे चार. मेंदूत पाणी तयार होतं त्या जागा. तिथेही साचतं. माझ्या डोक्यात असतील. ह्या जावयांच्या डोक्यात असतील, बाकी काही असेल-नसेल. रिपोर्टात काय लिहिलंय बघा, फिजिऑलॉजिकल. म्हणजे हा आजार नाही, हे असंच असतं. सगळा रिपोर्ट ह्या एका शब्दात आहे."

"तो शब्द उंबर्जे सरांनी काढला," शैला म्हणाली.

"का?"

"विशेषण होतं म्हणून."

"आणि झीज?" मामांनी डायरीतून विचारलं.

"वयानुसार, असं पुढे लिहिलंय ना? केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरतात, तसंच."

"पोकळ्या?"

"प्रत्येकाच्या मेंदूत असतात, त्यात पाणी असतं. तुमच्या जेवढ्या हव्यात तेवढ्याच आहेत. मध्यरेषा जिथल्या तिथे आहे."

"अजून," मामांनी विचारलं की सांगितलं, कळलं नाही. पण कंसातला तो शब्द त्यांनी खोडला.

"मग चक्कर कसली येते?" शैलाने विचारलं.

डॉक्टरांनी मामांना टेबलावर बसवलं, डोकं एका बाजूला वळवून झपकन आडवं केलं. मामांचे डोळे गरगरा फिरले आणि त्यांनी डॉक्टरांचा टाय धरला. "वांग्यांच्या वेळी असंच झालं होतं," ते ओरडले.

"कान," डॉक्टर टाय सोडवत म्हणाले. "कानाच्या आत बारीक कण असतात, ते जागा सोडून सरकलेत. मान वर-खाली केली की गरगरतं. बसवून देतो." आणि त्यांनी मामांचं डोकं इकडे वळवलं, तिकडे वळवलं, कुशीवर केलं, उठवलं. पाच मिनिटांत मामा जमिनीवर सरळ उभे राहिले आणि न झोकांडता दारापर्यंत जाऊन परत आले.

"कण कसले असतात?" मी विचारलं.

"चुन्याचेच," डॉक्टर म्हणाले. हे उंबर्जे सरांना सांगायचं नाही, असं आम्ही तिघांनी रिक्षातच ठरवलं.

शनिवारी मामा इस्त्रीचा कोट घालून स्टुडिओत आले. तळं, राजहंस मी परत टांगले होते. खुर्चीत बसून म्हणाले, "साधा फोटो काढा. हाराचा नको. आणि तीळ राहू द्या. ज्या वयात जे असतं ते असावं, डॉक्टर म्हणाले." मी काढला. ब्रशला हात लावला नाही, आणि खरं सांगतो, हात फार शिवशिवत होते.

दूधवाल्याने घड्याळ परत दिलं. सरांनी रेडिओ दिला नाही.

त्यानंतर मामा अकरा वर्षं जगले. कानाने परत दोनदा त्रास दिला, डोक्याने कधीच नाही. ह्या अकरा वर्षांत मी ती गोष्ट मित्रांना, पाहुण्यांना, गिऱ्हाइकांना किती वेळा सांगितली असेल. शेवट दर वेळी एकच. डॉक्टरांना कळलं नाही ते नाहीच, पण खुद्द कंट्रोलरलासुद्धा मी बनवलं. मामा समोर बसलेले असले तर मान हलवायचे आणि म्हणायचे, "कसब आहे त्यांच्या बोटांत."

ते गेल्यावर तोच फोटो मोठा करून हार घातला. तीळ आहे तिथेच आहे. तेराव्यानंतर शैला त्यांच्या डायऱ्या आवरायला बसली. एकशे सतरा निघाल्या. दूधवाला, पेपर, लाइट गेली, लाइट आली. संध्याकाळी मी दुकानातून आलो, तेव्हा ती त्यातली एक मांडीवर उघडी ठेवून बसली होती. तिने ती माझ्यापुढे केली.

मंगळवार. ४.२०. डाग सहा, सर्व रद्द. जावयाची जीभ काळी. कालपासून तोही जेवलेला नाही. मी बसल्याशिवाय बसणार नाही. ४.४५. जेवलो.